आत्याच्या विहिरीत गेलेली कलवरी: रिमोटवरची पाणबुडी बांधताना

उचगावचा बेडूक (धागाकर्ता)
रविवार, ८ डिसेंबर, रात्री १०:५०

मंडळी, आज पाणबुडी दिन. १९६७ साली याच तारखेला आपल्या नौदलात पहिली पाणबुडी 'कलवरी' दाखल झाली. तो मुहूर्त साधून मी दुपारी बेळगावजवळच्या उचगावात आत्याच्या विहिरीत माझी कलवरी सोडली. ती गेली. म्हणजे खाली गेली, आणि वर आली नाही.

आधी बांधणीचं सांगतो, मग प्रश्न.

मॉडेल नव्या कलवरीचं आहे, माझगाव डॉकमध्ये बांधलेली, १४ डिसेंबर २०१७ ला दाखल झाली ती. मूळची लांबी ६७.५ मीटर, रुंदी ६.२. मी १:७२ प्रमाण घेतलं, त्यामुळे माझी ९४ सेमी लांब आणि साडेआठ सेमी जाड झाली. प्रमाण उगाच नाही निवडलं, बाजारात ७५ मिमीची अॅक्रिलिकची नळी मिळत होती आणि ती आत बसायला पाहिजे होती. खरं बघायला गेलं तर नळीभोवती पाणबुडी बांधली असंच म्हणायला हवं.

बाहेरचं कवच दोन फाकांत, फायबरचं. अंग गोल असल्यामुळे लाकडी साचा पलंगाचे पाय कातणाऱ्या एका मामांकडून कातून घेतला. त्यांनी तासाभरात कातून दिलं आणि विचारलं, "ह्याचा दुसरा पाय कुठाय?" मग गणपती करणाऱ्या मित्राकडे प्लास्टरचा साचा काढला आणि त्यात फायबर. वरच्या मनोऱ्यासाठी मी शहाणपणा करून मखराचा उरलेला थर्माकोल वापरला. त्यावर पॉलिएस्टर रेझिन ओतलं आणि पाच मिनिटांत मनोऱ्याच्या जागी खड्डा. थर्माकोल त्या रेझिनमध्ये विरघळतो हे मला माहीत नव्हतं. इपॉक्सी घेतलं असतं तर टिकला असता. हे नवख्यांनी लिहून ठेवा.

कवचात पाणी मुद्दाम शिरू द्यायचं असतं, खाली-वर भोकं ठेवली आहेत. कोरडी राहते ती फक्त आतली नळी: ४५ सेमी लांब, दोन्ही टोकांना नायलॉनची झाकणं, प्रत्येकावर दोन ओ-रिंगा (पाणी अडवणाऱ्या रबरी कड्या). झाकणं बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, लेथवर करून घेतली. आत बॅटरी, मोटर, तीन सर्वो (सुकाणू-पंख हलवणाऱ्या छोट्या मोटरी) आणि ६० मिलीच्या दोन मोठ्या सिरिंजा, याच पाण्याच्या टाक्या. सिरिंजांचे दट्टे एम-६ च्या आटेवाल्या दांडीवर छोटी गिअर मोटर ओढते. दट्टा मागे आला की बाहेरचं पाणी आत, बोट जड. पुढे गेला की पाणी बाहेर, बोट हलकी. रिमोट सहा चॅनलचा, २.४ गिगाहर्ट्झचा.

पहिल्या दोन बुड्या झकास. मनोऱ्याचं टोक पाण्याबाहेर ठेवून विहिरीत दोन चकरा. आत्याचे शेजारी कठड्यावर गोळा. अंगात आलं हो! तिसऱ्या वेळी म्हटलं आता पुरती बुडवू. मनोरा गेला, खाली वीत-दोन वीत हिरवी सावली दिसली, मी रिमोटवरची टाकी भरायची काठी मागे घेतली, आणि सावली जातच राहिली. विहिरीला दोन पुरुष पाणी आहे. तळ दिसत नाही.

दीड तासानं गल्लीतून गळ मागून आणला. पोहऱ्या-कळश्या काढायचा असतो तो, पाच आकड्यांचा. चौथ्या फेरीत काहीतरी जड लागलं. वर आली ती पितळेची कळशी. आत्या ओरडली, "अगोबाई, ही तर वन्संच्या लग्नातली!" आठ वर्षं खाली होती म्हणे. त्यानंतर पाणबुडी आली तेव्हा तिच्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. मागचं सुकाणू मोडलंय.

उघडली तर आत दोन चमचे पाणी, मोजलं तर १२ मिली. म्हणजे गळती. प्रश्न असा: कुठून गळली असेल? ओ-रिंग, सुकाणूच्या दांड्या, की पंख्याचा शाफ्ट?

---

लेथवाला
रविवार, रात्री ११:२०

बेडूकराव, नायलॉन कुणी सुचवलं? नायलॉन पाणी पितं. आठ दिवस ओलं राहिलं की फुगतं, झाकण अडकून बसतं, आणि तुम्ही पान्याने ठोकून काढताना अॅक्रिलिकला चीर जाते. पुढच्या वेळी डेल्रिन (फारसं पाणी न पिणारं कडक प्लास्टिक) घ्या, नाहीतर सरळ अॅल्युमिनियम. आमच्याकडे कास्टिंगच्या दुकानामागे तुकडे पडलेले असतात, मागितलं तर कुणी नाही म्हणत नाही.

खाचेची खोली किती ठेवली? ३ मिमीच्या ओ-रिंगेला साधारण २.४ ते २.५ मिमी खोल पाहिजे, म्हणजे रिंग १५ ते २० टक्के दबते. ३ ची खाच केली तर रिंग नुसती शोभेला. आणि खाचेच्या तळाला टूलच्या रेघा राहिल्या असतील तर त्या रेघांतून पाणी शिरतं. नखानं बघा, नख अडकलं की काम परत करा.

ग्रीस सिलिकॉनचंच लावा. आणि अॅक्रिलिक पुसायला थिनर, पेट्रोल, सॅनिटायझर काही काही वापरू नका. त्याला बारीक केसासारख्या भेगा जातात, आज दिसत नाहीत, दाब आला की दिसतात.

---

कुंदाप्रेमी
रविवार, रात्री ११:३५

माझ्या मते मोहीम यशस्वी झालेली आहे. पाण्याखालची वस्तू शोधून काढणे हेच पाणबुडीचं काम ना? कळशी निघाली की!

---

पाचवं सेम
सोमवार, सकाळी ७:१०

मी इंजिनिअरिंगला आहे, आमच्या गटाला प्रोजेक्टमध्ये हेच करायचं आहे. म्हणून एक बाळबोध प्रश्न. ९४ सेमीची एवढी मोठी बोट आणि बुडवायला फक्त १२० मिली पाणी? आम्ही चार लिटरची टाकी धरली होती.

---

उचगावचा बेडूक
सोमवार, सकाळी ८:०५

ताई, बाळबोध नाही, मी याच प्रश्नावर दोन महिने घालवले.

आर्किमिडीज दोनदा लावायचा. नळीचं बाहेरचं आकारमान धरा: ७५ मिमी व्यास, ४५ सेमी लांबी, म्हणजे जवळजवळ २ लिटर. त्यात पाणी शिरत नाही, म्हणून ती बुडवायला मुळातच २ किलो वजन लागतं. ते बॅटरी, मोटरी आणि शिशानं भरून काढायचं, आणि ते कायमचं. टाकीशी त्याचा संबंध नाही. कवच, फोम वगैरे धरून माझी बोट सगळी मिळून २.६ किलो.

आता पाण्यावर तरंगताना जो भाग बाहेर दिसतो, त्याच्या *आतल्या पोकळीचं* आकारमान मोजायचं नाही, कारण तिथे पाणी ये-जा करतं. फक्त फायबरचं मोजायचं. माझं वर राहणारं कवच अंदाजे ७०० चौरस सेमी, जाडी दीड मिमी, म्हणजे १०५ घन सेमी. बोट वर असताना हे १०५ घन सेमी हवेत असतं, खाली गेली की पाण्यात जातं आणि तेवढा उचल देतं. तो उचल मारायला १०५ ग्रॅम पाणी आत घ्यायचं. झालं. १२० मध्ये भागतं, थोडं शिल्लक राहतं.

तुमच्या बोटीचं सगळं अंग बंद असेल तर मात्र लिटरांतच जावं लागेल. म्हणून म्हणतो, कवचात पाणी येऊ द्या.

वजनं मी टायर बॅलन्सिंगच्या शिशाची वापरली. पंक्चरवाल्याकडे डबाभर मिळतं. तोल साधायला निळं पिंप आडवं कापलं होतं, तर बोट चार बोटं मोठी झाली. शेवटी आत्याच्या गोठ्यातली गुरांची सिमेंटची दोण. म्हशीला तीन दिवस बादलीनं पाणी पाजलं.

---

माजी खलाशी
सोमवार, दुपारी १:३०

धागा आवडला. विशाखापट्टणमला नोकरी काढली आहे, आता खानापूरला शेती.

बेडूक, तुम्ही १२ मिली पाण्याला धरून बसलात. मी एकच हिशेब विचारतो. तोल दोणीत साधला तेव्हा बोट पाण्याखाली नेमकी किती ग्रॅम हलकी होती? सगळी टाकी भरल्यावर किती जड? पाणी शिरलं म्हणून बुडाली की बुडाली म्हणून पाणी शिरलं, हे आधी ठरवा. ती दीड तास दोन पुरुष पाण्याखाली पडून होती.

दुसरं, घरात टेबलावर बोट चालू ठेवा, टाकीला भरायचा हुकूम द्या आणि मध्येच रिमोट बंद करा. काय होतं ते इथे लिहा.

---

पाचवं सेम
सोमवार, दुपारी ३:४५

खलाशीकाकांच्या मुद्द्यावर मी आकडेमोड केली, चुकलं तर सांगा.

विहिरीत साडेतीन मीटर खोली धरली. दर १० मीटरला साधारण एक वातावरण, म्हणजे तळाशी ०.३५ किलो प्रति चौरस सेमी. नळीचा आतला व्यास ७० मिमी धरला तर झाकणाचं क्षेत्रफळ साडेअडतीस चौरस सेमी, त्यावर जवळजवळ साडेतेरा किलो दाब. वरच्या दोन चकरांत हा दाब नव्हताच.

पण उलट बाजूनं एक गंमत आहे. सिरिंजचा दट्टा मागे येतो तेव्हा मागची हवा नळीतच दाबली जाते ना? नळीत मोकळी हवा ९०० मिली असेल आणि १२० मिली जागा दट्ट्यांनी खाल्ली तर आतला दाब दीडशे मिलिबारने *वाढतो*. म्हणजे दीड मीटर खोलीपर्यंत आतून बाहेर ढकलणारा दाब जास्त! तिथवर पाणी आत यायलाच नको.

---

लेथवाला
सोमवार, दुपारी ४:१५

ताईनं बरोबर काढलंय. पण नळी कुठे बंद केली होती? उन्हात केली असेल तर त्यातलं थोडं वजा करा.

---

उचगावचा बेडूक
सोमवार, दुपारी ४:२०

कठड्यावर, बाराच्या उन्हात. नळी हाताला चटके देत होती. 🙏

---

पाचवं सेम
सोमवार, दुपारी ४:४०

४२ अंशाला बंद केली आणि पाणी २५ अंश असेल तर हवा आकसून दाब पाच टक्क्यांहून थोडा जास्त उतरतो. म्हणजे अर्धा मीटर जास्त खोल गेल्यासारखं. शिवाय आतल्या दमट हवेचं पाणी नळीच्या भिंतीला धरणार. १२ मिली तेवढ्यानं होणार नाही, पण सर्किटवर थेंब नक्की.

---

लेथवाला
सोमवार, दुपारी ५:००

नळी सावलीत बंद करायची आणि आत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकायच्या. औषधाच्या डब्यातल्या चालतात. पोरी, कॉलेज संपलं की उद्यमबागेत ये, तुझ्यासारखी माणसं पाहिजेत.

---

निपाणीकर
सोमवार, रात्री ९:१०

एवढं विहिरीत कशाला, किल्ल्याच्या तलावात सोडा की. लोकांना पण बघायला मिळेल.

---

रेडिओवेडा
सोमवार, रात्री ९:४०

निपाणीकर, नको. अनुभवाचे बोल. गेल्या वर्षी आमच्या इकडच्या एका तलावावर मी नुसती नळी गळतीसाठी तपासत होतो, दोरी बांधून. लांबट नळी, आत वायरी, लाल दिवा लुकलुकतोय. दहा मिनिटांत शंभर माणसं आणि दोन पोलीस. "हे काय आहे?" "पाणबुडी." "कुणाची?" आता यावर काय सांगणार. शेवटी नळी उघडून सिरिंजा दाखवल्या तेव्हा एकजण म्हणाला, "डॉक्टर दिसतात." चहा पाजून सोडलं, पण तेव्हापासून मी आधी विचारल्याशिवाय सार्वजनिक पाण्याला हात लावत नाही. राकसकोप धरणाचं तर नावही काढू नका, ते गावाच्या पिण्याचं पाणी आहे.

आता मूळ विषय. इथे कुणीच कसं बोललं नाही? २.४ गिगाहर्ट्झ पाण्यातून जात नाही. पाणी ही लहर पिऊन टाकतं, वीतभर खाली गेलात की संपलं. बेडूकराव लिहितात, "वीत-दोन वीत हिरवी सावली दिसली, आणि सावली जातच राहिली." उत्तर तुमच्याच वाक्यात आहे. पहिल्या दोन चकरांत मनोऱ्याचं टोक बाहेर होतं, अँटेना त्यातच असणार.

परदेशातले पाणबुडीवाले अजून जुने २७, ४०, ७५ मेगाहर्ट्झचे सेट जपून ठेवतात ते याचसाठी. लहर जितकी लांब तितकी ती गोड्या पाण्यात खोल जाते. या सेटांवर दोन-तीन मीटरपर्यंत बोट ऐकते. पाण्यात क्षार वाढले की हेही कमी होतं आणि समुद्रात तर जवळजवळ शून्य. खऱ्या पाणबुड्यांचं दुखणंही तेच. म्हणून तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ आयएनएस कट्टबोम्मन हे केंद्र आहे, किलोहर्ट्झमधल्या अति लांब लहरी पाठवणारं. आपल्याकडे तेवढे मनोरे लावायला आत्या जागा देणार नाही.

---

कुंदाप्रेमी
सोमवार, रात्री ९:५५

आत्या कळशीच्या आनंदात आहे, आत्ता विचारा. देईल.

---

निपाणीकर
सोमवार, रात्री १०:०५

विषय निघालाच आहे तर, वरती कुणीतरी गावाचं नाव...

---

संपादक
सोमवार, रात्री १०:०७

निपाणीकर, कृपया नको. बेळगावच्या नावाच्या वादाचे अकरा धागे आहेत. इथे पाणबुडीच राहू दे.

---

उचगावचा बेडूक
मंगळवार, रात्री ११:३०

खलाशीकाका, सांगितल्याप्रमाणे केलं. जेवणाच्या टेबलावर बोट ठेवली, सिरिंजांना पाण्याचं भांडं लावलं, काठी मागे घेतली, दट्टा मागे यायला लागला. बायकोला म्हटलं, रिमोट बंद कर. तिनं केला.

दट्टा थांबलाच नाही. आवाज करत मागे येतच राहिला, थेट शेवटच्या स्विचला टेकेपर्यंत. म्हणजे रिसीव्हरनं शेवटचा हुकूम धरून ठेवला: भर, भर, भर. मी खुर्चीत बसलो. बायको म्हणाली, "म्हणजे तू बोलायचा थांबलास तरी ती तेच करते? चांगली आहे की."

मग दोणीवर गेलो. काट्यावर मोजलं: टाकी पूर्ण भरली की बोट २८ ग्रॅम जड. २.६ किलोच्या बोटीला २८ ग्रॅम म्हणजे काहीच नाही असं मला वाटत होतं. पण पाण्यात मध्येच थांबवणारं कोण आहे? एक ग्रॅम जड असली तरी तळापर्यंतच जाणार.

आणि नळी, दट्टे पूर्ण मागे घेऊन, एक तास दोणीत बुडवून ठेवली. कोरडी ठणठणीत. म्हणजे ते १२ मिली तळाशी पडल्यावर, साडेतेरा किलो दाबाखाली, दीड तासात आले. पाण्यामुळे बुडाली नव्हती. माझ्या मूर्खपणामुळे बुडाली. सुकाणूच्या दांडीवरचं रबराचं बेलो (घड्यांचं आवरण) बारीक फाटलेलं सापडलं, तिथूनच आलं.

---

माजी खलाशी
बुधवार, सकाळी ६:२०

आता कसं. रिसीव्हरमध्ये 'फेलसेफ' नावाची सोय असते. सिग्नल तुटला की कुठला चॅनल कुठे न्यायचा ते आपण ठरवून द्यायचं असतं. टाकीचा चॅनल: रिकामी. पंखा: बंद. मागचे पंख: वर. एवढं तिन्ही ठरवा आणि दर वेळी पाण्यात सोडण्याआधी रिमोट बंद करून बघा. दर वेळी म्हणजे दर वेळी. कालचं आजला चालत नाही.

बॅटरी उतरली तरी हेच व्हायला हवं. व्होल्टेज एका पातळीखाली गेलं की टाकी रिकामी करणारं सर्किट लावा. दट्टा बाहेर ढकलायलाही वीज लागते, ती संपून चालणार नाही.

अजून एक. तुमची सिरिंज दोन कामं एकटी करते. खऱ्या बोटीत मोठ्या टाक्या एकतर पूर्ण भरलेल्या नाहीतर पूर्ण रिकाम्या. ग्रॅमाग्रॅमाचं काम वेगळ्या छोट्या टाक्या करतात, पुढे-मागे तोल सांभाळायला आणखी वेगळ्या. म्हणून मॉडेलवाल्यांनी टाकी पूर्ण भरल्यावरही बोट पाच-दहा ग्रॅम *हलकी* राहील असा तोल साधावा आणि उरलेलं काम वेग आणि पंखांवर सोडावं. मोटर बंद पडली की आपसूक वर येते. २८ ग्रॅम जड ठेवणं हा हौशी माणसाचा माज आहे, राग मानू नका.

विशाखापट्टणमला गेलात तर समुद्रकिनाऱ्यावरची कुरसुरा बघा. १९६९ ला दाखल झालेली, २००१ ला निवृत्त, २००२ पासून संग्रहालय. ९१ मीटर लांब. आत वाकून चाला आणि व्हॉल्व्ह मोजत जा. अर्ध्यात सोडून द्याल.

---

उचगावचा बेडूक
बुधवार, सकाळी ९:००

राग कसला काका, माज तर होताच.

---

पाचवं सेम
बुधवार, रात्री ८:१५

आमची बोट अजून कागदावर आहे पण वाचलेलं विचारते. वर येताना मॉडेल एकदम डुलतात, कधी आडवी पडतात, असं का? पाण्याखाली तर सरळ असतात.

---

माजी खलाशी
बुधवार, रात्री ९:३०

पाण्याखाली तोल एकाच गोष्टीवर: वजनाचा मध्य उचलाच्या मध्याच्या खाली. म्हणून शिसं तळाला, फोम वर. तो फोमही कडक, बंद पेशींचा घ्या. मऊ असेल तर खोलीवर दाबला जातो, उचल कमी होतो, बोट आणखी खाली जाते, आणखी दाबला जातो.

वर येताना मनोऱ्यात आणि कवचाच्या वरच्या भागात पाणी अडकलेलं असतं. ते बाहेर पडायच्या आत बोट वर आली की डोक्यावर घागर घेऊन उठल्यासारखं होतं. भोकं मोठी करा, वर हवेसाठी आणि खाली पाण्यासाठी. आणि टाकी सावकाश रिकामी करा.

---

रेडिओवेडा
गुरुवार, रात्री १०:२०

बेडूकराव, जुना ४० चा सेट शोधत बसू नका, मिळाला तरी क्रिस्टल मिळणार नाही. २.४ च ठेवा आणि अँटेना वर तरंगू द्या. रिसीव्हरच्या अँटेनाला बारीक कोअॅक्सियल वायर (मध्ये तार, भोवती धातूची जाळी) जोडायची, दीड मीटर पुरे. तिचं टोक एका तरंगत्या बुचावर उभं करायचं. टोकाचा शेवटचा ३१ मिमी भागच जाळी सोलून उघडा ठेवायचा, तीच खरी अँटेना, लहरीच्या लांबीचा पाव भाग. बाकीची वायर नुसता रस्ता आहे. मापात मिलिमीटरचा फरक चालेल, सेंटीमीटरचा नाही. वायर झाकणातून जिथे बाहेर येते तिथे इपॉक्सी भरा, आणि जाळीच्या आतूनही भरा. वायरच्या आवरणातून पाणी पाटासारखं चालत आत येतं, हे कुणी सांगत नाही.

आणि बॅटरी नळीत ठेवून चार्ज करू नका. लिथियम फुगली तर बंद नळी म्हणजे फटाका. शिशाची सीलबंद बॅटरी वापरणाऱ्यांनी तर जास्त जपावं, तिच्यातून हायड्रोजन सुटू शकतो आणि मोटरच्या ब्रशवर ठिणगी असतेच.

---

निपाणीकर
शुक्रवार, दुपारी १२:१०

विषयाला धरून विचारतो. हीच बोट कारवारच्या समुद्रात चालेल काय?

---

उचगावचा बेडूक
शुक्रवार, दुपारी २:००

समुद्राचं पाणी अडीच टक्के जड. २.६ किलोच्या बोटीला ६५ ग्रॅम शिसं जास्त लागेल, नाहीतर टाकी पूर्ण भरूनही ती बुडणारच नाही. शिवाय कारवारला नौदलाचा मोठा तळ आहे. तिथे रिमोट हातात घेऊन "कुणाची पाणबुडी?" या प्रश्नाला उत्तर द्यायची माझी तयारी नाही.

---

लेथवाला
शुक्रवार, रात्री ८:४५

झाकणं करून ठेवलीत, डेल्रिनची. खाच २.४५. पैसे नकोत, पण रविवारी विहिरीवर मला बोलवा. आमच्या पोरानं झाकण बघून विचारलं, "काय ओ सायेब, ह्याचं काय करायलाय?" म्हटलं पाणबुडी. "आनी बुडल्यावर?" म्हटलं तेच तर काम आहे बाबा.

---

उचगावचा बेडूक
रविवार, १५ डिसेंबर, रात्री ९:१५

झालं ते सांगतो.

सकाळी साडेआठला, सावलीत, नळी बंद केली. लेथवाले स्वतः आले होते, झाकण स्वतःच्या हातानं बसवलं आणि कान लावून ऐकलं, कशासाठी ते विचारायचं धाडस झालं नाही. आता टाकी भरूनही बोट सात ग्रॅम हलकी. पाण्यात सोडायच्या आधी रिमोट बंद केला: दट्टे पुढे, पंखा गप्प, मागचे पंख वर. तीनदा केलं. कमरेला नायलॉनची दोरीही बांधली, बोटीच्या. लाज वाटत नाही.

पहिली बुडी, टाकी भरली, काही झालं नाही. सात ग्रॅम हलकी, मनोऱ्याचं नखाएवढं टोक वर. मग पंखा हळूच सुरू केला, पुढचे पंख खाली दिले, आणि ती नाक न खुपसता, आडवीच्या आडवी खाली गेली. लाल बूच वर तिच्यामागे फिरत होतं, खाली दिसत काहीच नव्हतं. बूच विहिरीच्या भिंतीजवळ आलं की सुकाणू, परत वळली. आत्या म्हणाली, "बुचाला पाणी पाजायला नेलंयस का?" मीटरभर खोल असेल. चार चकरा. पंखा बंद केला, आणि मोजलं मनात, एक, दोन, तीन, अकरा. अकराव्याला मनोरा वर.

मग मुद्दाम रिमोट बंद केला, बोट खाली असताना. हात कापत होता. बूच थांबलं, दोन सेकंद काही नाही, मग पाण्यात खालून बुडबुडे आणि ती आली. थोडी डुलली, भोकं अजून मोठी करायला हवीत.

उघडली तर आत कोरडी. सिलिकाच्या पुड्याही कोरड्या.

सगळे चहाला बसलो तेव्हा शेजारच्या काकू आल्या. त्यांची तांब्याची घागर याच विहिरीत आहे, त्यांच्या सुनेच्या हातून गेलेली, आणि आत्याची कळशी निघाल्यापासून त्यांना झोप नाही. गळ दोन दिवस टाकून झालाय, लागत नाही. विचारत होत्या, तुमच्या त्या यंत्राला खाली काही दिसतं काय?

पाचवं सेम ताई, तुमच्या प्रोजेक्टला कॅमेरा आहे का? नळी किती व्यासाची धरली आहे?

---

पाचवं सेम
रविवार, रात्री ९:४०

११० मिमी. कॅमेरा आहे पण दिवा नाही अजून. घागर उभी आहे की आडवी?

---

उचगावचा बेडूक
रविवार, रात्री ९:५२

काकूंना विचारून सांगतो.